तीनदा आपटलेला घास

जंगल जिथे संपते आणि गवताचा माळ जिथे सुरू होतो, तिथे एक जुना करंज होता. त्या करंजाच्या ढोलीत एक साळुंकी राहत असे. ढोलीत तिने मऊ गवत, दोन पांढरी पिसे आणि सापाची एक कात अंथरली होती. साळुंकी प्रेमळ होती, पण फार काळजी करायची. वारा आला तरी काळजी, वारा थांबला तरी काळजी.

तिचा एक नियम होता. पकडलेला किडा फांदीवर तीनदा आपटायचा, मगच तो खायचा किंवा खाऊ घालायचा. तसे सगळेच पक्षी किडा आपटतात, पण एकदा, फार तर दोनदा. ही मात्र मोजून तीनदा आपटत असे. ठक, ठक, ठक. माळावरच्या दुसऱ्या साळुंक्या तिला हसत.

"अगं, किडा आहे की धुणं?" त्या विचारत.

ती आपटतच राही. दोन उन्हाळ्यांपूर्वी तिने आपल्या पहिल्या पिलाला घाईघाईत एक गांधीलमाशी भरवली होती. माशी अर्धी जिवंत होती. पिलाचा गळा आतून सुजला आणि संध्याकाळच्या आत ते गेले. तेव्हापासून साळुंकीने पुन्हा अंडी घातली नव्हती, आणि तेव्हापासून तो तीनदा आपटण्याचा नियम होता.

एका श्रावणातल्या सकाळी करंजाच्या मुळाशी माती हलली. मातीतून आधी एक डोळा वर आला, मग दुसरा. मग करंजाच्या शेंगेएवढा एक प्राणी बाहेर आला आणि अंग झटकून उभा राहिला. ते घोयऱ्याचे पिलू होते. घोयरा म्हणजे तो हळू चालणारा, रंग बदलणारा सरडा. त्याची आई मातीत अंडी पुरून निघून जाते आणि पिले आपापली वाट धरतात. या पिलाने खोडाची वाट धरली. एक पाऊल टाकायचे, दोनदा मागेपुढे डोलायचे, मग दुसरे पाऊल टाकायचे, असे करत ते दुपारपर्यंत ढोलीपाशी पोचले.

साळुंकी दारातच बसली होती. तिने चोच उघडली, हे खरे आहे. एवढ्याशा प्राण्याला पाहून कोणताही पक्षी चोच उघडतोच. पण पिलाने एक डोळा तिच्याकडे आणि एक डोळा आभाळाकडे फिरवला, थोडा विचार केला, आणि आपली शेपटी तिच्या पायाच्या बोटाभोवती गुंडाळून घेतली.

साळुंकीने चोच मिटली.

"पडशील हं," ती म्हणाली. "घट्ट धर."

त्या दिवसापासून ढोलीसमोरची आडवी फांदी घोयऱ्याची झाली.

ते दिवस नाकतोड्यांचे होते. माळावर गवत गुडघाभर वाढलेले, गाई चरायला येत, आणि त्यांच्या पायांपुढून नाकतोडे टणाटण उडत. साळुंकी गाईंच्या मागे मागे चाले, नाकतोडा टिपे, फांदीवर आणून तीनदा आपटे आणि घोयऱ्याच्या पुढ्यातल्या बेचक्यात ठेवी. नाकतोडा मोठा चिवट. तीनदा आपटल्यावरही त्याची मागची तंगडी थोडा वेळ झटके देत राही. घोयऱ्याचे दोन्ही डोळे मग एकाच ठिकाणी येत. तो तोंड किंचित उघडे, आणि त्याच्या अंगाहून लांब अशी त्याची जीभ सुटे. चट्! बेचके रिकामे.

साळुंकीने मधूनमधून दुसरेही किडे आणून पाहिले होते. एकदा भुंगेरा आणला, एकदा पतंग. घोयऱ्याने त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. तेव्हापासून ती सगळ्यांना सांगत सुटली.

"आमच्या बाळाला नाकतोड्याशिवाय दुसरं काही चालतच नाही, बाई! काय करावं याला!" ती वरच्या फांदीवरच्या खारीला म्हणे. सूर तक्रारीचा असे, पण मान अभिमानाने ताठ झालेली असे.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. घोयऱ्याच्या फांदीवर साळुंकी एकही मुंगी येऊ देत नसे. मुंगी चावेल, माशी डोळ्यात जाईल, कोळी जाळे विणेल. फांदी ती सकाळ-संध्याकाळ चोचीने झाडून काढी. चुकून एखादी माशी आलीच तर घोयरा तिला वाट द्यायला बाजूला सरके. आई आणते ते अन्न आणि बाकी सगळे शेजारी, असे त्याला वाटत असे. त्याला तसे कोणी सांगितले नव्हते, पण त्याचा तसा समज झाला होता.

मग पौष आला. गवत आधी पिवळे झाले, मग पांढुरके झाले, मग गाईंनी ते खाऊन टाकले. उरलेल्या काड्या वाऱ्यात सळसळत राहिल्या. नाकतोडे रोज कमी होत गेले. एक दिवस साळुंकीला दिवसभरात तीन मिळाले. दुसऱ्या दिवशी ती ओढा ओलांडून पलीकडच्या उतारापर्यंत गेली आणि एका पायाने अधू असलेला एक नाकतोडा घेऊन आली. तिसऱ्या दिवशी एकही मिळाला नाही.

"आता आपण रातकिडा खाऊ या हं," ती घोयऱ्याला म्हणाली. "शेणाच्या गोवरीखाली केवढाले रातकिडे आहेत! माझी आई मला हेच भरवायची."

तिने एक जाडजूड रातकिडा आणला. ठक, ठक, ठक. बेचक्यात ठेवला.

घोयऱ्याने एक डोळा बेचक्याकडे वळवला. मग तोच डोळा पुढच्या पानाकडे नेला, मग पानापलीकडे.

"आई, घास?"

"हा काय, पुढ्यात ठेवलाय!"

"हे?" त्याने पुन्हा पाहिले. बराच वेळ पाहिले. "हे मला बोलावत नाही, आई."

"घास काय बोलावणार आहे रे? घास खायचा असतो."

"नाकतोडा बोलावतो," घोयरा म्हणाला. हट्टाने नाही. जसे आहे तसे सांगावे, तसा तो म्हणाला.

साळुंकीला मात्र तो हट्टच वाटला. तिने भुंगेरा आणला, वाळवी आणली, गाईच्या पाठीवरची गोमाशी आणली. प्रत्येकाला तीनदा आपटले, आणि वाळवीसारख्या एवढ्याशा किड्याला आपटायचे म्हणजे चोचीला किती त्रास! घोयरा प्रत्येक वेळी नम्रपणे पाही आणि नम्रपणे दुसरीकडे पाही. बेचक्यात एवढे किडे साठले की शेवटी तिलाच ते खाऊन टाकावे लागले.

चार दिवस झाले. घोयऱ्याच्या अंगावर पूर्वी पोपटी रंग असे आणि त्यावर पिवळे ठिपके. आता ठिपके दिसेनासे झाले. पाठीचा कणा काडीसारखा वर आला.

खारबाई सगळे वरून पाहत होती. तिला राहवले नाही. शेपटी सावरत ती खाली उतरली.

"अगं, त्याला फसव," ती हळूच म्हणाली. "माझी मधली मुलगी करंजाचं बी तोंडात धरायची नाही. मी त्यावर बोराचा गर चोपडून द्यायची. तू भुंगेऱ्याला नाकतोड्याचे पंख लाव."

"पंख कुठून आणू?"

"ते काय, तुझ्या ढोलीच्या दारात ढीग पडलाय!"

साळुंकीने दारातल्या कचऱ्यातून दोन चांगले पंख निवडले. खारीने बोराचा चिकट गर आणला. दोघींनी अर्धी दुपार घालवून भुंगेऱ्याच्या पाठीवर पंख चिकटवले. एक तिरका बसला, पण लांबून पाहिले तर बरे दिसत होते.

"बघ तरी, नाकतोडा मिळाला!" साळुंकी गोड आवाजात म्हणाली.

घोयऱ्याने दोन्ही डोळ्यांनी आळीपाळीने पाहिले.

"आई, या भुंगेऱ्याला हे कोणी घातलं?"

खार तोंडावर शेपटी धरून हसू दाबत वर पळाली. साळुंकीलाही हसू आले असते, पण तिची नजर घोयऱ्याच्या कण्यावर गेली आणि तिला हसता आले नाही.

पाचव्या दिवशी कावळा आला. तो समोरच्या वाळलेल्या फांदीवर बसला आणि मान तिरकी करून त्याने घोयऱ्याला खालपासून वरपर्यंत निरखले.

"अहो साळुंकीबाई, लाडानं वाया चाललंय पोर," तो म्हणाला. "माझी पाच पोरं वाढली. काय खाल्लं नाही त्यांनी! धाकट्यानं तर नदीवरच्या बायकांचा साबण खाल्ला. फेस यायचा तोंडाला, पण कुरकुर केली नाही."

"हा खातच नाही हो, कावळेदादा. काहीही आणलं तरी."

"आणता म्हणून खात नाही! आणणं बंद करा. दोन दिवस पुढ्यात काही ठेवू नका. पोट सगळं शिकवतं."

"आणि नाही शिकवलं तर?"

"शिकवतंच," कावळा म्हणाला. तो अनुभवाने बोलत होता आणि त्याचा आवाजही मोठा होता, त्यामुळे साळुंकीला ते पटले.

त्या संध्याकाळी तिने काही आणले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीही काही आणले नाही. ती ढोलीच्या दारात पाठ करून बसली, कारण त्याच्याकडे पाहिले असते तर तिच्याने राहवले नसते. घोयऱ्याने काही मागितले नाही. तो नुसता म्हणाला, "आई, तू आज गाईंकडे गेली नाहीस? बरं वाटत नाही का तुला?"

साळुंकीने पंखात चोच खुपसली.

दुपारी मागून खरखर असा आवाज आला. तिने वळून पाहिले. घोयऱ्याची शेपटी नेहमी गोल गुंडाळलेली असे. ती आता दोरीसारखी सरळ लोंबत होती. त्याचे चिमट्यासारखे पाय फांदीवरून एकेक करून सुटत होते. बघता बघता तो घसरला आणि एका पुढच्या पायावर लटकत राहिला. त्याचा रंग वाळक्या सालीसारखा झाला होता.

आणि समोरच्या फांदीवर कावळा होता. तो एक उडी जवळ सरकला होता.

"काय हो?" साळुंकी ओरडली.

"काही नाही, काही नाही," कावळा म्हणाला. "म्हटलं, पडलाच तर वाया कशाला जायचा!"

साळुंकी एवढी मोठी नव्हती, पण ती ज्या वेगाने कावळ्याच्या डोळ्यांवर गेली, त्या वेगापुढे कावळ्याला आपला पाच पोरांचा अनुभव आठवला नाही. तो काव काव करत ओढ्यापलीकडे गेला. साळुंकीने परत येऊन घोयऱ्याच्या पोटाखाली आपली पाठ दिली आणि त्याला फांदीवर ढकलले. त्याचे वजन तिला कळलेच नाही. इतके ते कमी झाले होते.

"आता मी तुला कधी उपाशी ठेवणार नाही," ती म्हणाली. "तू खाऊ नकोस, पण मी आणेन."

ती बोरीवर गेली आणि तिथली एक हिरवी अळी घेऊन आली. ठक, ठक, ठक. तिने ती बेचक्यात ठेवली. घोयऱ्याने पाहिले, दुसरीकडे पाहिले, आणि डोळे मिटले.

आता यापुढे जे घडले, ते अगदी छोटे होते. सहा दिवस फांदी झाडायचे साळुंकीच्या लक्षात राहिले नव्हते, म्हणून बेचक्यात कोळ्याचा एक धागा आला होता. मेलेली अळी बेचक्यातून घसरली आणि त्या धाग्याला अडकून लोंबू लागली. तेवढ्यात ओढ्याकडून वाऱ्याची एक झुळूक आली. अळी डावीकडे झुलली, मग उजवीकडे.

घोयऱ्याचे डोळे उघडले. एक डोळा अळीवर आला, पाठोपाठ दुसराही आला.

साळुंकी पुढे झुकली. सहा दिवसांत त्याचे दोन्ही डोळे एका जागी आलेले तिने पाहिले नव्हते.

वारा थांबला. अळी स्थिर झाली. आणि घोयऱ्याचे डोळे पुन्हा दोन दिशांना गेले, जणू तिथे काही नव्हतेच.

साळुंकी एकदम ताठ झाली. तिला नाकतोड्याची झटके देणारी तंगडी आठवली. तिला ते बोलणेही आठवले. हे मला बोलावत नाही, आई.

"बाळा," ती हळू आवाजात म्हणाली, "आत्ता तुझ्यासमोर काय होतं?"

"कोणी तरी बोलावत होतं. मग गेलं."

"गेलं नाही रे, ते अजून तिथंच आहे."

घोयऱ्याने पाहिले. "नाही, आई. तिथं काही नाही."

तो खोटे बोलत नव्हता, हट्ट करत नव्हता, लाडावलेलाही नव्हता. जे हलत नाही ते त्याला घास म्हणून दिसतच नव्हते. तुमच्या ताटात कोणी एक पान आणि एक खडा ठेवला, तर तुम्ही जेवायला बसाल का? तसेच त्याचे झाले होते. आणि त्याच्या ताटात सहा दिवस पाने आणि खडे ठेवले होते त्याच्यावर सगळ्यात जास्त माया करणारीने, ठक, ठक, ठक करून.

साळुंकीने घाईघाईने ती अळी चोचीत धरली आणि त्याच्यापुढे हलवू लागली.

"आता? आता बोलावते का?"

"तुझी चोच हलतेय, आई," घोयरा म्हणाला. "मला तुझी चोच दिसतेय."

तिने चोच खाली केली. आता एकच उपाय उरला होता, आणि तो तिला माहीत होता. घास जिवंत द्यायला हवा होता.

जिवंत! ती ढोलीत गेली आणि कातीवर बसली. तिथेच तिचे पहिले पिलू निजत असे. जिवंत किड्याला नांगी असते, जबडा असतो, तो गळ्यात गेल्यावर काय करील याचा नेम नसतो. तीनदा आपटले की तिला शांत वाटे. त्या तीन आवाजांवर तिने दोन वर्षे काढली होती. ढोलीच्या दारातून तिला घोयऱ्याची लोंबणारी शेपटी दिसत होती. ती बराच वेळ त्या शेपटीकडे पाहत राहिली. मग उठली.

बोरीवर ती एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर फिरली. हिला केस आहेत, नको. हिच्या पाठीवर काटे आहेत, नको. ही लाल आहे, लाल रंगाचा भरवसा नाही. शेवटी पानाच्या देठावर एक गुळगुळीत हिरवी अळी तिला दिसली. ती पाठीची कमान करायची, पुढे व्हायची, पुन्हा कमान करायची. तिला नांगी नव्हती, केस नव्हते, दात म्हणावे तर पानाला नक्षी काढण्यापुरते. साळुंकीने तिला तीन बाजूंनी तपासले. मग फुलाचा देठ धरावा तसे तिला चोचीत धरले आणि अर्धी चोच उघडी ठेवून उडत आली.

फांदीवर बसताच तिची मान आपोआप खाली गेली. सवय होती ना! ठक करायला एक बोटभर अंतर उरले असताना ती थांबली. तिने अळी हळूच फांदीवर ठेवली आणि एक पाऊल मागे घेतले. मग आणखी एक घेतले.

अळी थोडा वेळ दबून बसली. मग तिने कमान केली आणि एक पाऊल पुढे झाली.

घोयऱ्याचे डोळे फिरले. एक आला, दुसरा आला. दोन्ही डोळे अळीवर थांबले. तोंड किंचित उघडले. जीभ सुटली, आणि अर्ध्यातच खाली पडली. तिच्यात जोर उरला नव्हता.

"राहू दे," साळुंकीच्या तोंडून निघून गेले, "मी तिला जरा आपटते..."

"थांब, आई," घोयरा म्हणाला. त्याचे डोळे अळीवरून हलले नव्हते. "ती बोलावतेय मला."

तो पुढे सरकला. एक पाऊल, दोन डोल. दुसरे पाऊल, दोन डोल. वरून खार पाहत होती आणि तिच्या हातातले करंजाचे बी केव्हाच खाली पडले होते. अळीने आणखी एक कमान केली.

चट्!

साळुंकीने डोळे मिटून घेतले होते. तिने ते उघडले तेव्हा घोयरा सावकाश चावत होता. ती त्याच्या गळ्याकडे पाहत राहिली. गळा एकदा फुगला, खाली बसला. सुजला नाही. ती तरी पाहत राहिली. सूर्य करंजाच्या शेंड्यावरून खाली येईपर्यंत ती पाहत होती, आणि गळा काही सुजला नाही. उलट घोयऱ्याच्या मानेपाशी, वाळक्या सालीच्या रंगातून, एक हिरवा ठिपका हळूहळू वर आला.

"अजून आहे?" घोयऱ्याने विचारले.

दुसऱ्या दिवसापासून साळुंकीला दम खायला वेळ मिळाला नाही. रातकिडा आणला, तो गेला. पतंग आणला, तो गेला. गोमाशी सोडली, ती उडून जाण्याआधीच गेली. प्रत्येक किडा साळुंकी आधी नीट तपासायची, नांगीवाल्याला फांदीच्या जवळही येऊ देत नव्हती. झाडावरचा एक हिरवा, वास मारणारा ढेकूण मात्र घोयऱ्याने तोंडात घेतला आणि लगेच थुंकून टाकला.

"शी! हा बोलावतो, पण चांगला नाही," तो म्हणाला.

"नाही आवडला तर राहू दे," साळुंकी म्हणाली. त्या दिवसापासून तिने तो ढेकूण पुन्हा आणला नाही आणि त्यावरून एक शब्दही काढला नाही.

आठ दिवसांनी घोयऱ्याच्या शेपटीचे वेटोळे परत आले आणि पिवळे ठिपके मोजता येऊ लागले. एक दिवस एक रातकिडा गिळून झाल्यावर त्याने विचारले, "आई, एवढं चांगलं चांगलं होतं, तर तू आधी का नाही आणलंस?"

"आणलं होतं रे."

"कधी?"

साळुंकीने त्याच्या डोक्यावरचा धुळीचा कण चोचीने काढला. खार वरून म्हणाली, "आम्ही तर पंखसुद्धा लावून दिले होते!" आणि या वेळी तिघेही पोटभर हसले.

पुढे साळुंकीने फांदी झाडणे सोडून दिले. मुंग्या येऊ लागल्या, माश्या येऊ लागल्या, आणि ज्यांना तो वाट देत असे ते शेजारी खायचे असतात, हे घोयऱ्याला थोड्या आश्चर्याने कळले. कावळा एकदा लांबून जाताना ओरडला, "बघा, मी सांगितलं नव्हतं? पोट शिकवतं!" त्याच्याशी वाद घालत बसायला साळुंकीला वेळ नव्हता.

चैत्रात करंजाला नवी पालवी आली आणि ढोलीतल्या कातीवर तीन निळी अंडी आली. साळुंकी त्यांच्यावरून उठत नव्हती. पुन्हा काळजी, पुन्हा वारा आला की मान बाहेर. भूक लागली तरी ती हलत नव्हती.

एका सकाळी ढोलीच्या दारात आधी एक डोळा आला, मग दुसरा. घोयरा आता वीतभर झाला होता. त्याच्या तोंडात एक नाकतोडा होता. या वर्षीचा पहिला, कोवळा, पाय झाडणारा. घोयरा कधी कोणासाठी काही आणत नाही, त्याच्या जातीत ती रीतच नाही. तरी तो नाकतोडा घेऊन खोड चढून आला होता.

"घे, आई," असे म्हणण्यासाठी त्याने तोंड उघडायला हवे होते, पण तोंड उघडले तर नाकतोडा पळाला असता. तो दारात नीट उभा राहिला, त्याने शेपटी फांदीला गुंडाळली, मान वर केली, दोनदा डोलला, आणि नाकतोडा फांदीवर आपटला.

ठक.

पुन्हा मान वर, पुन्हा दोनदा डोलला.

ठक.

त्याला हे काही जमत नव्हते. दोन्ही वेळा नाकतोड्यापेक्षा त्याचेच नाक जास्त आपटले. पण आई असाच घास खाते, हे त्याने आपल्या मागे वळवलेल्या डोळ्याने इतके दिवस पाहिलेले होते. त्याने तिसऱ्यांदा मान वर केली.

साळुंकी अंड्यांवर बसून, तिसऱ्या आवाजाची वाट पाहत राहिली.

ठक.

तात्पर्य : माया कितीही खरी असली, तरी घास पुढे करण्याआधी तो एकदा खाणाऱ्याच्या डोळ्यांनी पाहावा.